होलेबेकेची मशीनगन : सहा जवान, तीन पदके आणि बंद झालेले आयडीएसएम

३१ ऑक्टोबर १९१४. बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या आग्नेयेला होलेबेके नावाचे खेडे आहे. तिथल्या खंदकात १२९व्या बलुची पलटणीच्या दोन मशीनगन लावलेल्या होत्या. त्या काळी अख्ख्या पलटणीला मशीनगन मिळत त्या दोनच, तेव्हा या दोन गनांवर किती भिस्त असेल हे वेगळे सांगायला नको. जर्मनांनी त्या दिवशी जोराचा हल्ला चढवला. तुकडीचे ब्रिटिश अधिकारी कॅप्टन डिल जखमी झाले. एक गन तोफगोळा पडून निकामी झाली. दुसरी चालू राहिली. तिच्यावर सहा जण होते : हवालदार गुलाम महंमद आणि लाल शेर, सईद अहमद, कासिब, लफर खान व खुदादाद खान हे पाच शिपाई.

या सहांपैकी पाच जण गनजवळच मारले गेले. खुदादाद खान स्वतः जखमी होते, तरी बाकीचे पाचही पडेपर्यंत गन चालवत राहिले. जर्मनांनी त्यांनाही मेलेले समजून तिथेच सोडले आणि नंतर ते सरपटत, रखडत आपल्या पलटणीपर्यंत पोचले.

पुढे पदके आली. खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक. हवालदार गुलाम महंमद यांना मरणोत्तर इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, दुसरा वर्ग. उरलेल्या चार शिपायांना मरणोत्तर इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, म्हणजे आयडीएसएम.

गन एक, दिवस एक, सहाही जणांनी केलेले काम एकच. पदके मात्र तीन दर्जांची. आयडीएसएम १९४७ साली कायमचे बंद झाले. लष्करी पदकांच्या याद्यांत आज त्याच्यावर चार ओळींची नोंद असते : कधी सुरू झाले, फीत कशी, बंद कधी झाले. ते कशासाठी होते आणि त्याने नेमके काय केले हे त्या चार ओळींतून कळत नाही. या एका गनपाशी थांबले की कळते.

पलटण कुठली?

१२९ हा आकडा पाहून पंजाब किंवा सरहद्द प्रांत डोळ्यांसमोर येतो. शिपाई तिथलेच होते, पंजाबी मुसलमान आणि पठाण. पण पलटणीचा वंश मुंबईचा. ती १८४६ मध्ये कराचीत उभी राहिली आणि १८६१ नंतर मुंबई इलाख्याच्या लष्करात २९वी पलटण म्हणून मोजली जाई. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, १९३६ साली तो वेगळा झाला. १९०३ मध्ये तेव्हाचा सरसेनापती किचनर याने सगळ्या हिंदी लष्कराला नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. म्हणून २९ची १२९ झाली. याच हिशेबाने ३ची १०३, ५ची १०५, १०ची ११० झाली, आणि या तिन्ही मराठा पलटणी. ११४, ११६ आणि ११७ याही मराठा पलटणींचेच आकडे. होलेबेकेचे बलुची आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेले मराठे एकाच मुंबई लष्कराच्या यादीतले. या मराठा पलटणींच्या वाट्यालाही आयडीएसएम आले.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस १२९वी ज्यात होती ते लाहोर डिव्हिजन फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. नव्या काडतुसांसाठी तिथेच जवानांच्या हाती नव्या बनावटीच्या रायफली दिल्या गेल्या. ज्या शस्त्राने लढायचे त्याची ओळख अशी ऐन वेळी झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत १२९वी आणि तिच्याच ब्रिगेडमधली ५७वी वाइल्ड्स रायफल्स यांना ईप्रजवळ ब्रिटिश घोडदळाच्या मदतीला पाठवण्यात आले. घोडदळ घोड्यांवरून उतरून खंदकात लढत होते आणि त्यांच्याकडे माणसे कमी पडत होती. मिळेल ती तुकडी मिळेल त्या भगदाडात भरायची असा तो मामला होता.

१९०७ पूर्वीच्या पायऱ्या

आयडीएसएम समजायचे तर आधी त्याच्या वरची पायरी पाहावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये हिंदी जवानांसाठी ऑर्डर ऑफ मेरिट सुरू केली. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ चा, म्हणजे कंपनीचे हे पदक त्याच्याहून एकोणीस वर्षांनी जुने. पुढे एडवर्ड सातव्याने १९०२ मध्ये ब्रिटनसाठी याच नावाचा नवा सन्मान काढला, तेव्हा जुन्या पदकामागे ‘इंडियन’ लागले. थोरल्याने धाकट्यासाठी नाव बदलायचे, असा हा उलटा न्याय.

या ऑर्डरचे तीन वर्ग होते आणि त्यांचा नियम कडक होता. सुरुवात तिसऱ्या वर्गापासूनच. दुसरा वर्ग हवा तर आधी तिसरा मिळालेला असला पाहिजे, पहिला हवा तर दुसरा. प्रत्येक पायरीला नवे शौर्य दाखवायचे. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक तृतीयांश जादा भत्ता, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला पगाराइतकाच आणखी. जवान गेला तर विधवेला तीन वर्षे ती रक्कम. हिंदी शिपायाला हे सगळे हातात पडणारे पैसे होते, त्यामुळे गावात या पदकाला वजन होते. सरकारलाही ते हात राखूनच द्यावे लागे, कारण प्रत्येक नावामागे तिजोरीवर आयुष्यभराचा बोजा पडे.

‘सुरुवात तळापासूनच’ या नियमाचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही, आणि होलेबेकेच्या प्रकरणात माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका प्रसंगात दहा जण शौर्याने लढले आणि कोणाकडेच आधीचे पदक नसले, तर दहाही जणांना एकच वर्ग मिळे. हवालदार असो की शिपाई.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सारागढी. १२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरच्या समाना डोंगररांगेतल्या त्या छोट्या चौकीत ३६व्या शीख पलटणीचे एकवीस जवान शेवटपर्यंत लढून मेले. हवालदार ईशर सिंग त्यांचे प्रमुख. एकवीसही जणांना ऑर्डर ऑफ मेरिटचा तिसरा वर्ग मिळाला. प्रमुखाला वेगळे नाही, शिपायाला कमी नाही. कुटुंबांना जमीन आणि रोख रक्कम मिळाली. चौकीवर चाकरी करणारा एक बिनलष्करी माणूसही तिथे मेला. तो यादीत नाही. म्हणजे रेषा तेव्हाही होती, पण ती गणवेशाच्या कडेने जात होती. गणवेशातल्या माणसांना तिने एकमेकांपासून तोडले नव्हते.

१८९७ मध्ये एकवीस जणांना एक पदक, १९१४ मध्ये सहा जणांना तीन. मधल्या सतरा वर्षांत दोन गोष्टी घडल्या. २५ जून १९०७ च्या शाही सनदेने आयडीएसएम सुरू झाले आणि तळाला एक नवी पायरी आली. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने हिंदी जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला केला आणि माथ्यावर एक नवी पायरी आली. ऑर्डर ऑफ मेरिट मधोमध अडकली. तिचा पहिला वर्ग रद्द झाला, उरलेले दोन वर्ग एकेक क्रमांक वर सरकले. गुलाम महंमद यांना मिळालेला ‘दुसरा वर्ग’ हा खरे तर जुना तिसरा. सारागढीच्या जवानांना मिळालेला.

पदक हातात घेऊन

आयडीएसएम म्हणजे ३६ मिलिमीटर व्यासाची चांदीची गोल चकती. पुढच्या बाजूला राजाचा मुखवटा. एडवर्डच्या आणि पंचम जॉर्जच्या सुरुवातीच्या काळच्या पदकांवर राजाच्या नावाला जोडून ‘कैसर-इ-हिंद’, म्हणजे हिंदचा सम्राट, ही बिरुदावली. मागच्या बाजूला लॉरेलच्या पानांची माळ आणि तिच्या आत इंग्रजीत ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’ एवढेच तीन शब्द. वरची कडी वेलबुट्टीची आणि फिरती. जवानाचा क्रमांक, नाव आणि पलटण चकतीच्या कडेवर कोरलेली. पदक टांगले की ही अक्षरे दिसत नाहीत. नाव वाचायचे तर चकती हातात घेऊन फिरवावी लागते.

फितीत एक गंमत आहे. ऑर्डर ऑफ मेरिटची फीत गडद निळी, दोन्ही कडांना किरमिजी पट्टे. आयडीएसएमची गडद निळीच, पण किरमिजी पट्टा मधोमध आणि रुंद. रंग तेच, जागांची अदलाबदल. लांबून छातीवरची फीत पाहून कोण कुठल्या पायरीवर आहे हे फौजी माणसाला लगेच उमगे. आणि व्हिक्टोरिया क्रॉसची फीत निव्वळ किरमिजी.

हे पदक कोणाला? फक्त हिंदी माणसांना : जमादार, सुभेदार हे हिंदी अधिकारी, हवालदार-नाईक, आणि शिपाई. नियमित लष्कराबरोबर सरहद्दीवरची मिलिशिया, लेव्ही या स्थानिक भरतीच्या फौजा, लष्करी पोलीस आणि संस्थानांच्या फौजाही त्यात होत्या. पुढे नौदल आणि हवाई दलालाही ते लागू झाले. जून १९१७ पासून दुसऱ्यांदा मिळाल्यास फितीवर पट्टी लावायची सोय झाली. चाळीस वर्षांत पाच हजारांहून अधिक आयडीएसएम दिली गेली आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या महायुद्धाचा.

नाव सेवेचे असले तरी महायुद्धात ते बहुतेक वेळा अंगावर जखमा झेलूनच मिळे. होलेबेकेच्या पाच दिवस आधी, २६ ऑक्टोबरला, शेजारच्या ५७व्या वाइल्ड्स रायफल्समध्ये शिपाई उस्मान खान लढत होते. ते मूळचे ५५व्या कोक्स रायफल्सचे, इथे जोडून दिलेले. त्यांना गोळी लागली, जागा सोडायला तयार नव्हते. पुन्हा लागली, तरी नाही. शेवटी तोफगोळ्याच्या तुकड्याने दोन्ही पायांचे मांस उडाले तेव्हा त्यांना उचलून न्यावे लागले. त्यांना आयडीएसएम मिळाले. महायुद्धात शौर्यपदक मिळालेले पहिले हिंदी शिपाई म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तीन वेळा जखमी होऊन न हटणे ही त्या सनदेच्या हिशेबात सर्वांत खालची पायरी. मग वरच्या पायरीला काय लागत असेल?

वाटणी कशी झाली

आता मूळ प्रकरणाकडे. सहा जणांची विभागणी तीन दर्जांत व्हावी असा कुठला नियम होता का? नव्हता. उलट सहा जणांना एकच पदक द्यायला कशाचीही आडकाठी नव्हती. सहाही जणांना ऑर्डर ऑफ मेरिट देता आली असती, सारागढीचा दाखला हाताशी होता आणि तो जेमतेम सतरा वर्षांचा होता.

मेलेल्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देता येत नव्हता, असे एक उत्तर ऐकायला मिळते. ते टिकत नाही. मूळ १८५६ च्या सनदेत मरणोत्तर क्रॉसची तरतूद नव्हती हे खरे. पण दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर पद्धत बदलली, आणि जानेवारी १९०७ मध्ये तर १८५७ च्या लढायांतल्या मृतांनाही मागाहून क्रॉस दिले गेले. आयडीएसएम सुरू झाले ते याच वर्षी. १९१४ मध्ये मरणोत्तर क्रॉस ही सर्वमान्य गोष्ट होती.

दुसरा मुद्दा सामूहिक शौर्याचा. व्हिक्टोरिया क्रॉसच्या पहिल्या सनदेत याची सोय आहे, आणि ती मला फार आवडते. एखाद्या तुकडीतले सगळेच सारखे शूर ठरले आणि सेनापतीला निवड करता येईना, तर तुकडीने स्वतःच मत देऊन निवडायचे : अधिकाऱ्यांनी एक अधिकारी, हवालदार-नाईकांनी आपल्यातला एक, शिपायांनी आपल्यातले दोन. १८५७ नंतर कित्येक क्रॉस असे मतदानाने दिले गेले. पण ही सोय कंपनी, पलटण, ब्रिगेड अशा मोठ्या तुकड्यांसाठी होती, एका गनच्या सहा माणसांसाठी नव्हे. आणि मत द्यायला इथे उरले होते कोण?

राजपत्रात ७ डिसेंबर १९१४ रोजी खुदादाद खान यांचे मानपत्र छापून आले. त्यात तीन गोष्टी आहेत : अधिकारी जखमी झाले होते, दुसरी गन निकामी झाली होती, आणि स्वतः जखमी असूनही बाकीचे पाच मारले जाईपर्यंत खुदादाद गन चालवत राहिले. नीट वाचले तर त्या पाच जणांचे मरण हे या मानपत्रात सहाव्याच्या शौर्याचे मोजमाप म्हणून आले आहे. नावे नाहीत, फक्त ‘बाकीचे पाच’. हा खुदादाद यांचा दोष नव्हे, त्यांनी जे केले ते केलेच. पण गोष्ट ज्याच्याभोवती सांगता येते त्याला क्रॉस मिळतो आणि गोष्टीतल्या संख्येला खालचे पदक, हे इथे इतके उघड दिसते की नजरेआड करता येत नाही.

मग गुलाम महंमद यांना एक पायरी वरचे का? गनवरचे ते हवालदार, हुकूम त्यांचा. जबाबदारी मोठी म्हणून पदक मोठे, असा युक्तिवाद करता येतो आणि लष्करी मनाला तो पटतोही. मला तो अर्धाच पटतो. गनला काडतुसांचा पट्टा भरणे, ती तापू नये म्हणून पाणी ओतणे, खाली पडलेल्याच्या जागी बसणे यात एकेकाची जबाबदारी संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते? मशीनगन हे एकट्याचे शस्त्र नाही. ती चालवायला माणसे लागतात आणि एक पडला की दुसरा त्याच्या जागी सरकतो. सारागढीत ईशर सिंगही हवालदारच होते.

माझे म्हणणे इतकेच आहे की आयडीएसएम उपलब्ध होते म्हणून ही चिरफाड शक्य झाली. तळाला स्वस्त पायरी नसती तर चार शिपायांना ऑर्डर ऑफ मेरिट तरी मिळाली असती किंवा काहीच नाही. ‘काहीच नाही’ची शक्यता मी नाकारत नाही, महायुद्धात अशी कितीतरी नावे नुसती गेली. तेव्हा आयडीएसएमने चार नावे वाचवली असेही म्हणता येईल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण वजन मला पहिल्या बाजूला जास्त वाटते. कारण फरक नुसत्या चांदीचा नव्हता. हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉसबरोबर वर्षाला १५० रुपये मिळत, आणि त्याच्या पश्चात ते विधवेला मरेपर्यंत किंवा पुनर्विवाह होईपर्यंत चालू राहात. ऑर्डर ऑफ मेरिटच्या विधवेला तीन वर्षे. गावाकडे बसलेल्या बाईच्या दृष्टीने पायरी म्हणजे हे होते.

जाता जाता ‘पहिला कोण’ या वादाबद्दल. खुदादाद यांचे शौर्य ऑक्टोबरचे. गढवाल रायफल्सचे नाईक दरवान सिंग नेगी यांचे फ्रान्समधल्या फेस्टुबेरचे शौर्य २३-२४ नोव्हेंबरच्या रात्रीचे. दोघांची नावे एकाच दिवशी राजपत्रात आली. नेगींना राजाने डिसेंबरात फ्रान्समध्येच क्रॉस दिला, खुदादाद इस्पितळात होते म्हणून त्यांना नंतर लंडनमध्ये मिळाला. भारत आणि पाकिस्तान हे दोन देश आपापल्या जवानाला पहिला म्हणतात, आणि दोन्ही देशांत लाल शेर आणि कासिब ही नावे कोणाला ठाऊक नसतात.

कोणाला ही पायरीही नव्हती

त्याच खंदकांच्या रांगेत लढणाऱ्या ब्रिटिश शिपायाला आयडीएसएम मिळू शकत नव्हते आणि बलुची शिपायाला ब्रिटिशांचे डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल. ते १८५४ पासूनचे, गोऱ्या शिपायांसाठी. गोऱ्या अधिकाऱ्यांना १८८६ पासून डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर. म्हणजे ‘विशेष सेवे’चे पदक रंग आणि हुद्दा पाहून वेगवेगळे. व्हिक्टोरिया क्रॉस तेवढा १९११ नंतर सगळ्यांना सामाईक.

पण हिंदी पायऱ्यांवरही सगळे हिंदी चढू शकत नव्हते. महार समाजाची लष्करभरती १८९०च्या दशकात बंद झाली होती. मुंबईच्या लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरांतल्या मुलांना १९०७ साली आयडीएसएम सुरू झाले तेव्हा भरतीचाच दरवाजा बंद होता. महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे आणि इतरांनी अर्ज-विनंत्या केल्या. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडलीही गेली. महार रेजिमेंट आली ती थेट १९४१ मध्ये, बेळगावला. शौर्यपदकांच्या याद्या वाचून ‘लढाऊ जमाती’ ठरवणाऱ्यांनी ही तारीखवारी डोळ्यांसमोर ठेवायला हवी. ज्याला खंदकात उतरूच दिले नाही, त्याचे नाव यादीत कुठून येणार?

१९४७ नंतर

फाळणीत पलटणी वाटल्या गेल्या. १२९वी तोवर १०व्या बलुच रेजिमेंटची चौथी पलटण झाली होती. ती पाकिस्तानात गेली आणि आज तिथे ११ बलोच म्हणून ओळखली जाते. मराठा पलटणी भारतात राहिल्या. आयडीएसएम दोन्हीकडे संपले. राजाच्या मुखवट्याचे पदक स्वतंत्र देशात चालणे शक्यच नव्हते. ज्यांना ते आधी मिळाले होते त्यांनी मात्र ते पुढेही छातीवर लावले.

नव्या भारताने २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र सुरू केली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली. परमवीर चक्राचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचे : जन्माने स्वित्झर्लंडच्या, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. या तीन चक्रांत एक मोठी गोष्ट झाली आणि तिचे पुरेसे कौतुक होत नाही. हुद्द्याची भिंत गेली. लेफ्टनंट कर्नल आणि शिपाई यांना एकच पदक. कारवारकडचे रामा राघोबा राणे सेकंड लेफ्टनंट होते, जदुनाथ सिंग नाईक होते, दोघांचे परमवीर चक्र तेच. ब्रिटनला हे करायला १९९३ साल उजाडले. तेव्हा कुठे त्यांनी शिपायांसाठीची वेगळी शौर्यपदके बंद करून सगळ्या हुद्द्यांना एकच पदके लागू केली. आपण त्रेचाळीस वर्षे आधी.

पाकिस्तानने दुसरा रस्ता घेतला. १९५७ मध्ये सुरू केलेल्या पदकांत सितारा-ए-जुर्रत अधिकाऱ्यांसाठी आणि तमगा-ए-जुर्रत शिपाई-हवालदारांसाठी असा हुद्द्याचा भेद राहिला. आणि शिपायांच्या दीर्घ, विशेष सेवेसाठी तमगा-ए-खिदमत हेही वेगळे आले.

आता पुन्हा होलेबेके. ती गन आज भारतीय सेनेत असती तर? तीन चक्रे म्हणजेही तीन पायऱ्याच, आणि त्यांच्याखाली १९६० पासूनचे सेना मेडल. विभागणी आजही होते. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला येथे चिनी सैन्याशी लढताना कुमाऊं रेजिमेंटच्या १३व्या पलटणीच्या एका कंपनीतले शंभराहून अधिक जवान जागा न सोडता मेले. मेजर शैतान सिंग यांना परमवीर चक्र मिळाले, आठ जणांना वीर चक्र. बाकीच्यांतल्या बहुतेकांची आठवण चुशूलच्या स्मारकावर आहे, पदकांच्या यादीत नाही. सारागढीसारखा ‘सगळ्यांना एकच’ निर्णय तिथे झाला नाही. रंगाची अट गेली, हुद्द्याची गेली. निवडून वेगळे काढण्याची सवय राहिली, कारण पदक हे शेवटी एकेका नावावरच निघते.

शौर्याच्या बाजूने शिपायाचे फारसे बिघडले नाही. सेवेच्या बाजूने बिघडले, असे मला वाटते. २६ जानेवारी १९६० ला विशिष्ट सेवा मेडल तीन वर्गांत आले. १९६७ मध्ये त्या वर्गांना परम, अति आणि साधे विशिष्ट सेवा मेडल अशी नावे मिळाली. नियमाने ते सर्व हुद्द्यांना खुले आहे. दर प्रजासत्ताक दिनाची यादी उघडून पाहावी. परम विशिष्ट म्हणजे लेफ्टनंट जनरल आणि त्यांच्या बरोबरीचे, अति विशिष्ट म्हणजे बहुतेक मेजर जनरल, आणि खाली ब्रिगेडियर-कर्नल. हवालदार त्या यादीत शोधावा लागतो. १९०७ चे पदक पारतंत्र्यातले होते, रंगभेदाचे होते, चार मृत शिपायांना त्यांच्या हवालदारापासून एक पायरी खाली ठेवणारे होते. पण त्याच्या सनदेत एक गोष्ट लिहिलेली होती : ते फक्त सुभेदार, हवालदार आणि शिपायांचे. कर्नलला ते मागता येत नव्हते.

खुदादाद खान सुभेदार होऊन निवृत्त झाले. १९५६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉसच्या शताब्दीला ते लंडनला गेले होते. ८ मार्च १९७१ रोजी मंडी बहाउद्दीन येथे त्यांचे निधन झाले. रावळपिंडीच्या आर्मी म्युझियममध्ये त्यांचा पुतळा आहे.